ऑल्वेन : एका नावाची गोष्ट

मुलीचे नाव ठेवताना आपण त्याचा अर्थ पाहतो. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या मुलींचे एक नाव आहे ऑल्वेन. आज त्याची फोड करू.

वेल्श भाषेत 'ऑल' म्हणजे माग, पाऊलखूण. 'ग्विन' म्हणजे पांढरा आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप 'ग्वेन'. आपण पांढरा-पांढरी म्हणतो ना, तसेच. जोडशब्दात 'ग' गळतो आणि 'वेन' उरते. तेव्हा ऑल्वेन म्हणजे शुभ्र पाऊलखुणांची. ग्वेन शब्दात पवित्र, मंगल हाही भाव आहे.

आता पाऊलखूण शुभ्र कशी? 'किल्हूख आणि ऑल्वेन' ही जुनी वेल्श कथा चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांत सापडते. ऑल्वेन ही एका राक्षसाची मुलगी. ती पाऊल टाकी तिथे क्लोव्हरची चार पांढरी फुले उमलत. क्लोव्हर म्हणजे तीन-तीन पानांचे चाऱ्याचे रोप. आपल्याकडचा बरसीम त्याचाच भाऊबंद. मुलीचे लग्न झाले की बापाचे मरण ठरलेले. म्हणून तो किल्हूखला चाळीसएक अवघड कामे सांगतो. आर्थर राजाच्या मदतीने किल्हूख अखेर तिला वरतो.

लेडी शार्लट गेस्ट यांनी १८३८ ते १८४९ या काळात अशा कथा इंग्रजीत छापल्या. पुढे हे नाव घरोघरच्या पाळण्यापर्यंत पोचले. पण त्याच काळात, १८४७ साली, एका सरकारी अहवालाने वेल्श भाषा ही लोकांच्या प्रगतीतली अडचण ठरवली. काही शाळांत तर वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवीत. दुसरे कोणी वेल्श बोलताना सापडले की पट्टी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना जिच्या गळ्यात ती असे, तिला किंवा त्याला शिक्षा!

अशा दिवसांत आईबापांनी लेकीला ऑल्वेन म्हणून हाक मारली. निदान ती हाक तरी आपल्या भाषेतली राहिली. २०२१ च्या शिरगणतीत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी वेल्श येते असे सांगितले.

गुरुजी, बाई, वर्गात एखादे अनोळखी नाव आले तर हसण्यावारी नेऊ नका. त्याचा अर्थ त्या मुलीलाच विचारा. घरच्या बोलीची पाऊलवाट तिथेच सापडेल.