आधी नोंदी, मग क्लाउड

विद्यापीठाच्या ग्रंथालयातले पुस्तक कोणत्या कपाटात आहे, ते कोणाकडे गेले, परत कधी यायचे आहे आणि खरेदीसाठी मंजूर झालेल्या रकमेतले किती शिल्लक आहे, हा सगळा हिशेब आज सॉफ्टवेअर ठेवते. आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘सोल’ असते, पुण्यात तयार झालेले ‘स्लिम’ असते किंवा न्यूझीलंडच्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी लिहिलेले आणि २००० सालापासून वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर ‘कोहा’ असते. बरीच वर्षे हे सॉफ्टवेअर ग्रंथालयाच्याच एखाद्या खोलीतल्या सर्व्हरवर चालत आले. गेल्या दशकभरात मात्र जगातली अनेक मोठी विद्यापीठे तो सर्व्हर बंद करून क्लाउडवर गेली. सॉफ्टवेअर आणि त्यातली माहिती दूरच्या डेटा सेंटरमध्ये राहते आणि ग्रंथपाल व वाचक दोघेही ब्राउझरमधून काम करतात. आपल्या विद्यापीठांनीही हा बदल करावा, असे माझे मत आहे. पण त्यातले खरे काम सॉफ्टवेअर निवडण्याचे नसून पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त करण्याचे आहे, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत हे काम टाळून क्लाउडवर गेलो तर ती आजच्यापेक्षा जास्त दडून बसतील.

बदलाची गरज कुठून आली, ते आधी पाहू. जुनी सॉफ्टवेअरे छापील पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून बांधली गेली. एक प्रत, तिचा दाखल क्रमांक, तिची देवघेव. आज विद्यापीठाच्या वाचनसाहित्याचा मोठा भाग कपाटात नसतोच. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपत्रिका त्यातून ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुल्या होतात. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला कालपर्यंत स्वप्नातही न दिसणारी पत्रिका आज वाचता येते. पण ती आपल्याला वाचता येते, हे त्याला कळणार कसे? पुस्तकांसाठी एक शोधखिडकी, पत्रिकांसाठी दुसरी, प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ अशी वणवण तो करत राहतो, किंवा सगळे सोडून गूगलकडे वळतो. छापील आणि डिजिटल दोन्हींचे व्यवस्थापन एकत्र करणारी नवी प्रणाली आणि तिच्या जोडीला सगळीकडे एकदम शोध घेणारी खिडकी यांची खरी उपयुक्तता इथे आहे.

असे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर कसे होते, याचे एक नमुनेदार उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो अशी या विद्यापीठाची दहा संकुले. प्रत्येकाची ग्रंथालय प्रणाली आपापली होती आणि सर्वांच्या साठ्याचा एकत्रित शोध घेण्यासाठी ‘मेल्व्हिल’ नावाची संयुक्त तालिका वेगळी चालवली जात होती. २०२१ च्या जुलैमध्ये ही दहाही संकुले एकदम एका क्लाउड प्रणालीवर आली. एक्स लिब्रिस कंपनीची ‘अल्मा’ व्यवस्थापनासाठी आणि ‘प्रिमो’ शोधासाठी. या रचनेचा गाभा असा की, पुस्तकाची मुख्य नोंद सर्वांच्या सामाईक विभागात एकदाच असते आणि ज्या ज्या संकुलाकडे प्रत असेल ते आपली माहिती त्या नोंदीला जोडते. म्हणजे एका ठिकाणी सुधारलेली चूक दहाही ठिकाणी सुधारते. आणि एका ठिकाणची निष्काळजी नोंदही दहाही ठिकाणी दिसते. म्हणून अशा प्रकल्पात एकच पुस्तक दहा जणांनी दहा प्रकारे नोंदवले असेल तर कोणती नोंद राखायची, कोणता रकाना कोणत्या रकान्यात जाईल, देवघेवीचे नियम सर्वांसाठी सारखे कसे करायचे, यावर सर्व्हरच्या चर्चेपेक्षा कितीतरी अधिक श्रम पडतात.

ग्रंथालयातली नोंद ‘मार्क’ या प्रमाणित रचनेत असते. अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीत हेन्रिएट अव्हराम या संगणकतज्ज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात ती घडवली. तिच्यात लेखकाचे नाव १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ मध्ये, शीर्षकाची इतर रूपे २४६ मध्ये, ऑनलाइन दुवा ८५६ मध्ये, अशी प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते. स्थलांतर करणारा प्रोग्राम हे रकाने जसेच्या तसे उचलतो. लेखकाच्या जागी कोणी प्रकाशक लिहिला असेल, वर्ष रिकामे असेल, एकाच कादंबरीच्या चार प्रतींच्या चार वेगळ्या नोंदी असतील, तर तेही सगळे नव्या प्रणालीत दाखल होते. जुन्या प्रणालीत ते खपून जात होते, कारण काउंटरवरच्या अनुभवी ग्रंथपालांना कोणते पुस्तक कुठे आहे ते पाठ होते. रात्री अकरा वाजता मोबाइलवर शोधणाऱ्या विद्यार्थ्यापाशी ते ग्रंथपाल नसतात.

मराठी पुस्तकांची अडचण याहून खोल आहे. संगणकीकरण सुरू झाले तेव्हा अनेक ग्रंथालयांनी मराठी शीर्षके रोमन लिपीत, टंकणाऱ्याच्या कानाला जशी वाटली तशी लिहिली. एका शीर्षकाचे स्पेलिंग तीन तऱ्हांनी. काहींनी देवनागरीत लिहिले, पण शिवाजी किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमधला मजकूर संगणकाच्या आत रोमन चिन्हांच्या रूपातच साठवला जातो, त्यामुळे फॉन्ट काढला की उरतात निरर्थक अक्षरे. युनिकोडमध्ये न बदलता तो क्लाउडवर नेला तर तिथेही निरर्थकच राहणार. युनिकोडमध्येही सगळे सरळ नाही. ‘दुसऱ्या’ किंवा ‘ऱ्हास’ यातला अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन शब्द वाटू शकतात. त्यात शुद्धलेखनाचा इतिहास. १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार गेले, आणि त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर मात्र ‘कांहीं’, ‘नांव’, ‘विचारें’ अशी रूपे कायम आहेत. ‘काही’ असे टंकणाऱ्या आजच्या वाचकाला ते ग्रंथ सापडत नाहीत आणि ग्रंथालयात ते नाहीतच, असे समजून तो निघून जातो. चांगले पुस्तक कपाटात असूनही वाचकापुरते नाहीसे होते, यासारखी दुःखाची गोष्ट ग्रंथालयात दुसरी नाही.

लेखकांच्या नावांचेही तेच. ‘पु.ल.’, ‘पु. ल.’ आणि ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’ ही एकाच देशपांड्यांची तीन रूपे. कविता आरती प्रभूंच्या आणि कादंबऱ्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या, कविता कुसुमाग्रजांच्या आणि नाटके वि. वा. शिरवाडकरांची, हे मराठी वाचकाला ठाऊक असते, यंत्राला नसते. ग्रंथालयशास्त्रात यावर जुना आणि भक्कम उपाय आहे. प्रत्येक लेखकाची एक प्रमाण नोंद करायची, तिच्यात नावाची सर्व रूपे द्यायची आणि टोपणनावाची व खऱ्या नावाची नोंद एकमेकींना जोडायची. शीर्षकांसाठीही सोय आहे. शीर्षकपृष्ठावरचे जुने रूप २४५ मध्ये जसेच्या तसे ठेवावे, आजचे रूप २४६ मध्ये द्यावे. रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांतली नोंद शेजारी शेजारी ठेवण्यासाठी मार्कमध्ये ८८० हा रकाना आहेच. परदेशातल्या मराठी अभ्यासकांसाठीही हे महत्त्वाचे आहे. काँग्रेस लायब्ररीचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके गोळा करते आणि त्यांतून अमेरिकी विद्यापीठांकडेही मराठी ग्रंथ जातात. तिथल्या तालिकांत ती पुस्तके रेघा-टिंबे लावलेल्या काटेकोर रोमन लिप्यंतराने नोंदली जातात. आपल्या नोंदीत दोन्ही लिप्या असतील, तर कोल्हापूरची प्रत आणि शिकागोची प्रत एकाच ग्रंथाच्या आहेत हे यंत्रालाही कळेल.

सगळीकडे एकदम शोधणारी खिडकी नियतकालिकांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा करते. तिच्यामागे प्रकाशकांनी पुरवलेल्या कोट्यवधी लेखांची सूची असते, आणि ती प्रामुख्याने इंग्रजी असते. ‘सत्यकथा’, ‘नवभारत’, ‘अस्मितादर्श’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांतले लेख एकेक करून कोणी त्या सूचीत घातलेले नसतील तर ते शोधात येणार नाहीत. दलित साहित्यावर शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठांत लिहिलेले इंग्रजी लेख शेकड्यांनी मिळतील, आणि ज्या मराठी पानांवर या साहित्याविषयीचा वाद प्रत्यक्ष झडला ती पाने मिळणार नाहीत. शंकर गणेश दाते यांनी संगणक नसताना १८०० ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत तयार केली. आज एवढी साधने हाताशी असताना विद्यापीठांना आपल्याकडच्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका शोधात आणता येत नाहीत, हे मला पटत नाही.

यावर काही जण म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, ती पुस्तकातला मजकूर वाचून अर्थानुसार शोधून देईल, मग नोंदींवर वेळ कशाला घालवायचा? वेगवेगळी रूपे ओळखण्यात ही यंत्रे खरोखर मदत करतील आणि ती मदत घ्यावी. पण यंत्राला वाचायला मजकूर हवा. ग्रंथालयातल्या बहुसंख्य जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅनिंग झालेले नाही आणि त्यांच्याविषयी यंत्राला मिळते ती फक्त नोंद. शिवाय यंत्राने जोडलेले दोन लेखक खरोखर एकच आहेत का, हे सांगायला माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. आपली माहिती परक्याच्या यंत्रावर का ठेवायची? ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबरहल्ला झाला. तिची मुख्य तालिका जानेवारी २०२४ पर्यंत ऑनलाइन नव्हती. ग्रंथालयाने स्वतःच मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल मोकळेपणाने सांगतो की, स्वतःच्या सर्व्हरवरची जुनी सॉफ्टवेअरे पुन्हा उभी करता येईनात म्हणून विलंब लागला, तर क्लाउडवरचे वित्त आणि वेतनाचे काम चालू राहिले. जगातल्या अग्रगण्य ग्रंथालयाला जे जमले नाही ते एका तंत्रसहायकाच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्या ग्रंथालयाला जमेल, असे मानणे धोक्याचे आहे. इंटरनेट किंवा वीज जाते ही तक्रार मात्र रास्त आहे. देवघेवीची नोंद तेवढा वेळ ग्रंथालयातच ठेवून नंतर चढवण्याची सोय असलेली प्रणालीच घ्यावी.

सगळ्यात वजनदार आक्षेप आहे परावलंबनाचा. ‘अल्मा’ बनवणारी एक्स लिब्रिस २०१५ मध्ये प्रोक्वेस्ट या डेटाबेस विकणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि प्रोक्वेस्ट २०२१ मध्ये क्लॅरिव्हेट कंपनीकडे. पत्रिकांचा डेटाबेस विकणारी, शोधखिडकी देणारी आणि ग्रंथालयाचा कारभार चालवणारी कंपनी एकच झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लॅरिव्हेटने पुस्तके आणि ई-पुस्तके कायमची विकणे बंद करून फक्त वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, आणि ग्रंथपालांच्या विरोधानंतर मुदत २०२६ च्या जूनपर्यंत पुढे ढकलली. ज्याच्या हाती आपली सगळी नोंद आहे त्याने उद्या दर वाढवले तर? या भीतीला मी हलके लेखत नाही. पण तिचे उत्तर खोलीतला जुना सर्व्हर नाही, कारण जुन्या सॉफ्टवेअरचे मालकही बदलतात आणि बंदही पडतात. उत्तर दोन गोष्टींत आहे. एक, मुक्त सॉफ्टवेअर क्लाउडवर चालवणे. कोहा तसे चालवता येते. ‘फोलिओ’ ही अशीच मुक्त प्रणाली २०१९ मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात प्रथम पूर्णपणे सुरू झाली आणि स्टॅनफर्डने २०२३ मध्ये स्वीकारली. आणि दोन, करारातले शब्द. सर्व नोंदी, प्रती आणि देवघेवीची माहिती प्रमाणित स्वरूपात, कधीही, विनाशुल्क बाहेर काढता आली पाहिजे. कोणत्या विद्यार्थ्याने काय वाचले याचा इतिहास पुस्तक परत येताच मिटवला जावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे. नोंदी स्वच्छ आणि प्रमाणित असतील तरच हा बाहेर पडण्याचा हक्क प्रत्यक्षात वापरता येतो. गोंधळलेल्या नोंदी घेऊन कोणी कुठेही जाऊ शकत नाही.

राहिला प्रश्न माणसांचा. ग्रंथपालांच्या रिक्त जागा, तात्पुरत्या नेमणुका, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक समितीच्या भेटीआधी घाईने उरकलेले संगणकीकरण, या अडचणी खऱ्या आहेत, आणि म्हणून हे काम प्रत्येकाने एकट्याने करू नये. इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ ही देशभरच्या विद्यापीठांची संयुक्त तालिका आहेच. तिच्या आधाराने मराठी लेखकनामांची एक सामाईक प्रमाणसूची महाराष्ट्र आणि गोव्यातली विद्यापीठे वाटून घेऊन करू शकतात. विदर्भातले लेखक नागपूर आणि अमरावतीने, मराठवाड्यातले छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडने, दक्षिण महाराष्ट्रातले कोल्हापूरने, पोर्तुगीज काळातले मराठी लेखक गोवा विद्यापीठाने, संतसाहित्याच्या छापील आवृत्त्या पुण्याने. निविदा निघण्याआधी वर्षभर ग्रंथपाल आणि मराठीचे अध्यापक एकत्र बसले, आणि त्या वर्षाचे मानधन सॉफ्टवेअरच्याच अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरले, तर नव्या प्रणालीच्या पहिल्या दिवशी ‘काही’ टंकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘कांहीं’ही सापडेल.