आनंदाकडे नको, झोपेकडे बघा

बायपोलर आजारातला उन्माद घरात शिरतो तो बऱ्याचदा चांगली बातमी बनूनच. नैराश्याने महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेला माणूस उठतो, बोलू लागतो, पहाटे तीनला फडताळातले डबे काढून घासायला घेतो, आणि घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे! नेमकं तेव्हाच त्याच्या झोपेकडे बघावं. परीक्षेसाठी मुलंही जागतात, असं कुणी म्हणेल. पण ती दुसऱ्या दिवशी पेंगतात. निद्रानाशात माणूस झोपेसाठी तळमळतो. उन्मादात मात्र तीन तास झोपूनही तो टवटवीत असतो, कारण झोपेची गरजच घटलेली असते. जोडीला बोलण्याचा सपाटा, अचाट बेत, उधळपट्टी आणि कुणी अडवलं की भडका. काहींच्या उन्मादात तर आनंद औषधालाही नसतो, असते ती नुसती चिडचिड. निदानासाठी डॉक्टर साधारण आठवडाभराची लक्षणं धरतात. घरच्यांनी आठवडा मोजत बसू नये.

ही घाई अनाठायी नाही. इंग्लंडमधल्या ६९ रुग्णांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला आपापली सुरुवातीची लक्षणं ओळखून लगेच उपचार घ्यायला शिकवलं होतं. दुसऱ्या गटात पाव रुग्णांचा उन्माद १७ आठवड्यांत उलटला, या गटात त्याला ६५ आठवडे लागले. नैराश्यावर मात्र असा परिणाम दिसला नाही. पण मग माणसाला मोकळं हसायचीही चोरी? हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणूनच खुणांची यादी रुग्णाने स्वतः, बरा असताना करावी. दोन रात्री झोप चार तासांच्या आत आली की डॉक्टरांना फोन आणि एटीएम कार्ड बायकोकडे, असं ठरवून लिहून ठेवावं. उन्माद चढल्यावर आपण आजारी आहोत हेच पटत नाही. पुढे आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लेखी नोंदवण्याची सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे.

‘छान वाटतंय, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्नसुद्धा कधीकधी लक्षणच असतो. लिथियम या औषधाचा उन्मादावरचा गुण जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातून मांडला; ते अचानक सोडलं तर उन्माद उलटण्याची भीती असते. लिथियमचा धाक मात्र अगदीच खोटा नाही. रक्तातली पातळी, मूत्रपिंडं आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतली, तरी ही पातळी चढते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नैराश्याच्या जुन्या चिठ्ठीवर परस्पर गोळ्या आणणंही धोक्याचं, कारण बायपोलरमध्ये नुसत्या त्या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो. डॉक्टरांची वेळ लवकर मिळत नसेल, तर टेलि-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.