मांडववाल्याचे पत्रक कोण वाचतो?

तुळशीचे लग्न लागले की उमरखेडच्या बाजारात पत्रकांचा पाऊस सुरू होतो. बिछायत केंद्र, मंगल कार्यालय, बँड पथक, आचारी, फोटोवाले असे सारेच जण आपापली पत्रके छापून घेतात. ती ढाणकी, मुळावा, विडूळकडे जातात, आणि पैनगंगेचा पूल ओलांडून हदगाव, हिमायतनगरपर्यंतही पोचतात. पिवळा किंवा गुलाबी कागद, वर गणपती, खाली मजकूर : "आमचे येथे लग्नकार्यासाठी लागणारे सर्व साहित्य माफक दरात किरायाने मिळेल. एक वेळ अवश्य भेट द्या."

आणि दुसऱ्या दिवशी? त्याच कागदावर गरम भजी मिळतात. पत्रक वाचलेच जात नाही. दहा जणांनी एकच वाक्य लिहिले, तर दहातले एकही लक्षात राहत नाही.

आज हा विषय या पानावर घेण्याचे कारण आहे. दोन-चार एकर कोरडवाहूवर आता घर चालत नाही. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाचा भरवसा नाही. म्हणून शेतकऱ्याघरची पुष्कळ मुले जोडधंदा म्हणून बिछायतीत उतरली आहेत. कर्ज काढून मांडवाचे कापड, गाद्या, खुर्च्या, भांडी घेतली जातात. धंद्याचे खरे दिवस मात्र वर्षातून चार-पाच महिन्यांचे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, पुढे पौषात थंडावा. त्या थोड्या दिवसांत गिऱ्हाईक आले नाही, तर हप्ता थकतो. तेव्हा चार लोकांनी आपले नाव वाचावे, लक्षात ठेवावे, ही या मुलांची पोटापाण्याची गरज आहे. बोलणाऱ्याची बोरे विकतात हे खरे, पण बोलायचे काय आणि कसे, हे कोणी शिकवत नाही.

नांगरवाल्यांचे मासिक

महाराष्ट्रात हे काम एका नांगर करणाऱ्या कारखान्याने फार पूर्वी करून दाखविले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. सुरुवातीला ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती देणारे लहानसे पत्र होते. पण नुसत्या नांगराच्या स्तुतीवर ते थांबले नाही. त्यात उद्योगाच्या, घरसंसाराच्या, नव्या विचारांच्या गोष्टी येत गेल्या. ज्यांना नांगर घ्यायचा नव्हता, असे लोकही ते वाचू लागले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली, आणि मराठी घराघरांत ती वाचली गेली.

दुसरे उदाहरण तर आपल्या भिंतीवरच टांगलेले असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केले. पंचांगातली तिथी, सण, मुहूर्त त्यांनी सामान्य माणसाला कळतील असे मांडले. पानाच्या मागच्या बाजूला पाककृती, आरोग्य, घरगुती माहिती दिली. त्यामुळे दिनदर्शिका वर्षभर जपून ठेवायची वस्तू झाली. गावोगावचे दुकानदार दिवाळीत गिऱ्हाइकाला आपल्या नावाची दिनदर्शिका भेट देतात, त्यामागे हाच हिशेब आहे. लोक कागद जपतात तो त्यातल्या उपयोगासाठी, आणि कागद राहिला की त्यावरचे नावही राहते.

मांडववाल्यालाही एवढेच करायचे आहे. पत्रकाच्या पाठीवर यजमानाच्या कामाची एक गोष्ट छापायची.

मुलीच्या बापाला काय हवे असते?

समजा, एका शेतकऱ्याच्या मुलीचे लग्न ठरले. हळद विकून हातात पैसा येणार, म्हणून वैशाखातली तारीख धरली. बिछायतीच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो विचारतो, "भाऊ, पाचशे पानाला किती लागल?" मांडवाला झालर कोणती, हा प्रश्न त्याच्या मनात शेवटचा असतो. त्याला भीती असते ती दोन गोष्टींची : अन्न कमी पडून सोयऱ्यांत मान जाईल, की जास्त होऊन कर्ज वाढेल. या भीतीला जो उत्तर देईल, त्याचे पत्रक देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवले जाईल.

म्हणून ठोकळ हिशेब द्यावा. वरण-भात, पोळी, भाजी आणि एक गोड पदार्थ असा साधा बेत असेल, तर माणशी सुमारे १०० ग्रॅम तांदूळ, ४० ते ५० ग्रॅम तूरडाळ आणि १०० ते १२० ग्रॅम कणीक धरतात. म्हणजे पाचशे पानांना ५० किलो तांदूळ, २० ते २५ किलो डाळ, ५० ते ६० किलो कणीक. पोळीऐवजी पुरी असेल, लहान मुले जास्त असतील किंवा रात्रीची पंगत असेल, तर आचाऱ्याला विचारून कमी-जास्त करावे. एवढे छापले, तरी यजमान किराणा भरताना पत्रक हातात धरील.

महिन्याला एक कागद

आता प्रश्न येतो की एवढे लिहायचे तरी काय? त्याचे उत्तर हंगामातच आहे. एकदम हजार पत्रके उधळण्यापेक्षा दर महिन्याला दोनशे, अशी पाच महिने काढावीत. प्रत्येकात एकच विषय, पण पुरता.

पहिले पत्रक कार्तिकात, मुहूर्तांचे. प्रमाण पंचांगातून तारखा उतरवून घ्याव्यात, कोणत्या पंचांगातून घेतल्या ते लिहावे, आणि आपल्याकडे त्यांतल्या कोणत्या तारखा गेल्या, कोणत्या मोकळ्या आहेत, तेही खरे सांगावे. एकाच दिवशी तालुक्यात पन्नास लग्ने असली की भांडी, आचारी, गाड्या सारेच महाग होते. दोन दिवस मागे-पुढे चालत असेल, तर यजमानाचे किती वाचते, हे त्याला कोणी सांगत नाही. आपण सांगावे.

दुसरे पत्रक पौषात, कागदपत्रांचे. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंद करावी. खेड्यात ती ग्रामसेवकाकडे आणि उमरखेडसारख्या गावी नगर परिषदेत होते. वर-वधूचे वयाचे व राहण्याचे पुरावे, लग्नाचे फोटो, पत्रिका आणि तीन साक्षीदार तयार ठेवावेत. पुढे बँकेत, रेशनकार्डात, वारसाच्या कामात हा दाखला मुलीच्या उपयोगी पडतो. सामूहिक विवाहात लग्न लावल्यास शेतकरी कुटुंबांना काही अटींवर शासनाचे अनुदान मिळते. त्याची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावी, हेही त्यातच लिहावे.

तिसरे माघात, पंगतीच्या हिशेबाचे. तो वर दिलाच आहे.

चौथे फाल्गुनात, विजेचे आणि आगीचे. मांडवाचे कापड भुरकन पेटते. गॅसच्या टाक्या आणि भट्टी मांडवापासून दूर, वारा मांडवाकडे वाहत नसेल अशा बाजूला असाव्यात. उघडे जोड असलेली वायर लावू देऊ नये. वाळूच्या बादल्या आणि पाण्याचा ड्रम भरून ठेवावा. बाहेर जायची वाट खुर्च्यांनी अडवू नये.

पाचवे चैत्रात, उन्हाचे आणि पाण्याचे. वैशाखात आपल्या भागात पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दिवशी नुसत्या पिण्यालाच माणशी दोन लिटर पाणी धरावे. हात धुणे आणि भांडी घासणे वेगळे. खव्याची मिठाई, बासुंदी असे दुधाचे पदार्थ या उन्हात लवकर नासतात, त्यापेक्षा बुंदी बरी. मठ्ठ्याला शुद्ध पाणी आणि झाकलेले भांडे हवे. बाराचा मुहूर्त असूनही लग्न तीनला लागणार असेल, तर सकाळी शिजलेली भाजी तोवर तशीच ठेवू नये.

स्वतःच्या तोट्याचेही लिहावे

आता खरी कसोटी. पत्रकात असेही काही लिहावे, की ज्याने आपलाच किराया कमी होईल. "हजार माणसे बोलावून सातशे येतात. आपल्या सोयऱ्यांची यादी आधी करा, मग मांडवाचे माप सांगा." असे लिहिणाऱ्या दुकानदाराच्या काही खुर्च्या कमी जातील. पण शंभर पाने कमी झाली, तर यजमानाचे दहा किलो तांदूळ, तितकीच कणीक, तेल, साखर, वाढप्यांची मजुरी असे सारे वाचते. यवतमाळ जिल्ह्यात कर्जाचे ओझे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. लग्नासाठी काढलेला पैसा पुढच्या पेरणीच्या तोंडाशी आठवतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही लग्नातल्या उधळपट्टीविरुद्ध गावोगाव सांगितले, आणि ग्रामगीतेत लग्नाच्या रिवाजांवर लिहिले. तीच गोष्ट मांडववाल्याच्या तोंडून आली, तर लोक थबकून ऐकतात. कारण सांगणाऱ्याचा त्यात तोटा आहे, हे त्यांना दिसते. ज्या माणसाने शंभर खुर्च्या कमी करायला सांगितले, त्याच्या बाकीच्या चारशे खुर्च्यांच्या दराबद्दल यजमान मग घासाघीस करीत नाही. आणि धाकट्या मुलीच्या वेळी तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही.

दरही स्पष्ट छापावेत. मांडव चौरस फुटावर की नगावर, ने-आणीचे भाडे कोणाकडे, ताट हरवले तर किती, हे लिहावे. इसाराची अट तर ठळक अक्षरांत हवी. घरात सुतक आले आणि तारीख पुढे गेली, तर इसार पुढच्या तारखेला धरणार की बुडणार? दुःखाच्या दिवशी या गोष्टीवरून वाद होतो आणि दहा गावांत नाव खराब होते. आधी लिहिलेले असले, की वाद राहत नाही.

कायद्याची ओळ विसरू नका

दर पत्रकाच्या तळाशी एक ओळ कायम असावी : मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षे पूर्ण असेल, तरच साहित्य मिळेल. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मांडव देणारा, स्वयंपाक करणारा "मला काय ठाऊक" म्हणून सुटेलच असे नाही. म्हणून इसार घेतानाच वयाचा दाखला पाहावा. शंका आली तर ग्रामसेवकाला सांगावे, किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. तसेच रात्री १० ते सकाळी ६ भोंगा-डीजे वाजविता येत नाही, हेही वराकडच्या मंडळींनी आधीच वाचलेले बरे.

अशाने एखादे गिऱ्हाईक जाईल. पण ज्या घरांत मुली शिकत आहेत, त्या घरांतली आई हे पत्रक वाचील आणि लक्षात ठेवील.

लिहावे कसे, पोचवावे कुठे?

भाषा आपल्या घरची असावी. 'भव्य', 'दिव्य', 'एकमेव' हे शब्द गाळले, तर निम्मा कागद मोकळा होतो. अक्षरे मोठी घ्यावीत, कारण वाचणारे आजोबाही असतात. छापण्याआधी मजकूर घरात आईला वाचून दाखवावा. तिला जे कळले नाही, ते गावाला कळणार नाही.

रस्त्यावर हातात कोंबलेला कागद टिकत नाही. पिठाची गिरणी, कृषी केंद्र, केशकर्तनालय, दवाखाना, एस.टी.ची वाट पाहण्याची जागा, असे जिथे माणूस रिकामा बसतो, तिथे चार-चार प्रती ठेवाव्यात. महिला बचत गटाच्या बैठकीत अवश्य द्याव्यात. लग्नाची बोलणी पुरुष करतात, पण यादी बायका करतात. मोबाईलवर गावाच्या गटात त्याच कागदाचा फोटो टाकायला हरकत नाही, मात्र महिन्यातून एकदाच. रोज टाकला, तर तो न पाहताच पुसला जाईल.

वाचक वाढले की नाही, हे कळायला एक वही पुरे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, "आमचे नाव कुठे कळले?" आणि उत्तर लिहावे. त्याने कोणता प्रश्न विचारला, तोही लिहावा. चार जणांनी एकच प्रश्न विचारला, तर पुढच्या पत्रकाचा विषय मिळाला. अशी वही दोन हंगाम ठेवली, तर लिहायला काही सुचत नाही, ही तक्रार राहणार नाही.

पहिल्या वर्षी फार फळ दिसणार नाही. फळझाडही पहिल्याच वर्षी धरत नाही. पण घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून म्हणतात, त्या अवघड कामात ज्याचा कागद उपयोगी पडला, त्याला माणसे विसरत नाहीत. येत्या कार्तिकात आपल्या घरचा मुलगा छापखान्यात निघाला, तर त्याला एवढेच सांगा : बाबा, आपले नाव खाली लहान अक्षरांत घाल, आणि वर मुलीच्या बापाच्या उपयोगाचे चार शब्द लिही.