कॅश मोठी का करत नाहीत?

गेल्या सेमिस्टरच्या ओरलची गोष्ट. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "कॅश म्हणजे काय?" मी धडाधड सांगितलं - प्रोसेसर आणि मेन मेमरी यांच्यामधली लहान, वेगवान मेमरी. सर म्हणाले, "वेगवान आहे ना, मग लहान का ठेवलीय? सगळी मेमरी कॅशचीच बनवा की!" मी पुटपुटले, "महाग असते सर." सर हसले. "पैसे मी देतो. आता सांगा." माझी बोलती बंद!

मार्क बरे पडले, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. सुट्टीत एम.टेक. करणारी एक सीनियर ताई भेटली, तिला विचारलं. ती म्हणाली, "अगं, बी.ई.ला 'कसं चालतं' ते विचारतात. एम.टेक.ला आर्किटेक्चर घेतलंस की 'असंच का केलं, आणि त्याने फायदा किती झाला' हे विचारतात. तुझे सर एम.टेक.चा प्रश्न विचारून गेले!" तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलेय. जे कळलं ते सांगते.

आधी आपल्या हॉस्टेलचं पाणी बघा. गंगापूर धरण, मग शहरातली उंच टाकी, मग हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी, मग बादली आणि शेवटी हातातला मग. जसजसं जवळ यावं तसतसा साठा लहान, पण पाणी हाताशी. कॉम्प्युटरचंही तेच - हार्ड डिस्क हे धरण, रॅम ही टाकी, कॅश ही बादली आणि रजिस्टर हा मग. आता कोणी म्हटलं, "बादली टाकीएवढी करा," तर ती भरायची कधी आणि उचलायची कोणी? कॅश मोठी केली की तारा लांबतात, हवी ती गोष्ट शोधायला वेळ लागतो, वीजही जास्त जाते. म्हणजे मोठी झाली की तिचा वेगच जातो.

पण नुसतं असं बोलून एम.टेक.ला चालत नाही. आकडा द्यावा लागतो. समजा, लहान कॅशला १ नॅनोसेकंद लागतो आणि १०० पैकी ९५ वेळा हवी ती माहिती तिथेच सापडते. उरलेल्या ५ वेळा रॅमकडे जावं लागतं, त्याचे १०० नॅनोसेकंद जादा. सरासरी वेळ झाला १ अधिक ५, म्हणजे ६. आता मोठी कॅश घ्या. तिच्यात ९७ वेळा सापडतं, पण ती स्वतःच ४ नॅनोसेकंद घेते. सरासरी ४ अधिक ३, म्हणजे ७. मोठी घेऊन उलट तोटाच झाला! म्हणूनच प्रोसेसरमध्ये एक मोठी कॅश न ठेवता लहान-मध्यम-मोठी अशी दोन-तीन पायऱ्यांची ठेवतात.

माझा विश्वास बसेना, म्हणून रूमवरच्या पीसीवर सी मध्ये प्रोग्रॅम लिहिला. ४००० बाय ४००० चा अ‍ॅरे, सगळ्या आकड्यांची बेरीज. एकदा ओळीने, एकदा कॉलमने. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच, पण कॉलमने केली तर पाचपट वेळ! कारण असं, की रॅममधून एका खेपेला साधारण ६४ बाइट येतात, म्हणजे ४ बाइटचे १६ आकडे. ओळीने गेलो तर सोळाही वापरतो. कॉलमने गेलो तर एक वापरतो, आणि बाकीच्यांची पाळी येईपर्यंत ते कॅशमधून हाकलले गेलेले असतात. बादलीभर पाणी आणून मगभर वापरायचं आणि बाकीचं मोरीत!

दुसरा धडा आपल्या नाशकातलाच. सिंहस्थात बस कितीही वाढवा, रस्ते रुंद करा, सगळ्यांनी रामकुंडावरच जायचं म्हटलं की गर्दी तिथेच तुंबणार. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हेच कॉम्प्युटरबद्दल मांडलं. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येतो आणि १० टक्के एकामागून एकच करावा लागतो असं धरा. मग ६४ प्रोसेसर लावले तरी वेग सुमारे ८.८ पटच वाढतो, आणि हजारो लावले तरी दहापटीच्या पुढे जात नाही. उपाय एकच, रामकुंडावरचा भार कमी करायचा. २०१५ च्या सिंहस्थात गोदाकाठी जादा घाट बांधले ते त्यासाठीच.

६४ हा आकडा मी उगाच नाही घेतला. १९८० च्या दशकात भारताला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला अमेरिकेने नकार दिला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर. एकच महावेगवान प्रोसेसर हाताशी नव्हता. म्हणून त्यांनी इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर घेतले. या चिपवरच दुसऱ्या चिपशी बोलायला चार जोडण्या होत्या. असे अनेक प्रोसेसर जोडून १९९१ मध्ये ६४ नोडचा परम ८००० उभा केला. जे मिळतंय त्यात काय बसवायचं आणि काय सोडायचं, हे मोजून ठरवणं म्हणजेच आर्किटेक्चर.

आणि ही जुनीच कथा आहे असं नाही. आयआयटी मुंबईत 'अजित', आयआयटी मद्रासमध्ये 'शक्ती' आणि सी-डॅकमध्ये 'वेगा' हे प्रोसेसर तयार झाले. म्हणजे या कामासाठी परदेशीच जावं लागतं असंही नाही.

ताईच्या सांगण्यावरून एम.टेक.चा अभ्यास असा - दर आठवड्याला रिसर्च पेपर वाचायचे आणि त्यातली चूक शोधायची. जेम-फाइव्हसारख्या फुकट सिम्युलेटरवर आपली कल्पना चालवून बघायची. बहुतेक वेळा फायदा दोन टक्के निघतो, कधी उणेच! हेनेसी आणि पॅटरसन यांचं पुस्तक १९९० पासून या विषयाचा पाया मानलं जातं. आपल्या लायब्ररीत असेल तर गाईड बाजूला ठेवून त्याचं पहिलं प्रकरण तरी वाचा.

मी गेटचा फॉर्म भरायचं ठरवलंय. घरी "आधी नोकरी बघ" म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. कॅम्पसमधून मिळणारा पगार आणि एम.टेक.ची दोन वर्षं, हाही ट्रेड-ऑफच आहे! म्हणून प्लेसमेंटलाही बसणार आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, हे घरी सांगितल्यावर जरा शांतता झाली.

बाकी काही होवो, पुढच्या ओरलला कोणी सर पैसे द्यायला निघाले, तर मी म्हणणार आहे, "पैसे राहू द्या सर, वेळ मोजूया."