पुढच्या दाताला कॅप लागतेच का?

नागपुरात मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा, नाहीतर हिंगणा रोडवरच्या कॉलेजांत. पुढच्या दाताची नस काढून झाली की पेशंट विचारतोच, ‘आता कॅप कधी बसवायची?’ दाढेसाठी हा प्रश्न रास्त आहे. पुढच्या दातासाठी बरेचदा नाही, आणि या गैरसमजापायी धडधाकट दात घासले जातात याचं वाईट वाटतं.

गैरसमजाचं मूळ एका जुन्या समजुतीत आहे: नस गेली की दात वाळतो, ठिसूळ होतो. सेजली आणि मेसर यांनी 1992 मध्ये हे तपासलं. रूट कॅनल होऊन सरासरी 10 वर्षं झालेले 23 दात आणि त्याच माणसांचे दुसऱ्या बाजूचे जिवंत दात घेऊन त्यांनी ताकद मोजली. फरक जवळपास नव्हताच. दात कमजोर होतो तो कीड, अपघात आणि ड्रिल यांनी त्याचा भाग खाल्ल्यामुळे. 1989 च्या एका अभ्यासात उपदाढांचा ताठपणा केवळ रूट कॅनलने सुमारे 5 टक्के घटला, पण दोन्ही बाजूंच्या कडा गेलेल्या मोठ्या खड्ड्याने 63 टक्के.

आता वरचा पुढचा दात बघा. त्यावर जोर वरून सरळ येत नाही. खालचे दात मागून तिरपे ढकलतात आणि ताण हिरडीजवळच्या मानेवर येतो. कॅपसाठी नेमकी हीच मान चहूबाजूंनी एक-दीड मिलिमीटर घासावी लागते. आतून रूट कॅनलचं भोक, बाहेरून घासणी. बारीक दातात मग भिंत उरते किती? म्हणून दाताच्या कडा शाबूत असतील आणि फक्त मागचं भोक बुजवायचं असेल, तर चांगलं चिकटवलेलं कॉम्पोझिट फिलिंग पुरतं. सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी 1984 मध्ये रूट कॅनल झालेल्या 1,273 दातांचा आढावा घेतला. कॅपचा ठळक फायदा दाढा-उपदाढांना झाला, पुढच्या दातांना नाही. दात काळा पडलाय म्हणून कॅप हवी असेल, तर आधी आतून ब्लीचिंगचं विचारा. त्यानंतर एक-दोन आठवडे थांबून कायमचं फिलिंग करतात, नाहीतर ते नीट चिकटत नाही.

‘आत पोस्ट टाका, दात पक्का होईल,’ हेही खरं नाही. पोस्ट म्हणजे मुळाच्या नळीत बसवलेली काडी. तिचं काम वरचा बांधलेला भाग धरून ठेवणं, एवढंच. मूळ तिने मजबूत होत नाही. उलट तिच्यासाठी आणखी कोरावं लागतं. दात हिरडीपर्यंत तुटला असेल तर मात्र पोस्टला पर्याय कमी. तेव्हा महत्त्वाचा ठरतो हिरडीच्या वर उरलेला, कॅपच्या कड्यात सापडणारा दाताचा पट्टा. डॉक्टर त्याला फेरूल म्हणतात. तो सगळीकडून 2 मिलिमीटर मिळाला तर दात टिकण्याची शक्यता बरीच वाढते. पोस्ट कोणत्या कंपनीची, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

स्टीलची पोस्ट जास्त ताकदवान, असंही ऐकू येतं. ही ताकद मोजायला प्रयोगशाळेत, तोंडातून काढलेला दात ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात रोवतात, साधारण 135 अंशांच्या कोनात यंत्राने दाबतात आणि तो किती न्यूटनला मोडला हे लिहून घेतात. धातूचा आकडा कधीकधी मोठा येतोही. पण दात मोडला कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. स्टील डेंटिनपेक्षा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरापेक्षा, सुमारे दहापट ताठ असतं. ते वाकत नाही, मूळ चिरतं आणि असा दात काढावाच लागतो. फायबर पोस्टचा ताठपणा डेंटिनच्या बराच जवळचा. ती बहुधा सुटते किंवा वरचा भाग तुटतो, आणि दात पुन्हा बांधता येतो. माझं मत फायबरच्या बाजूने आहे.

काहीही बसवलं तरी त्या दातांनी खर्र्याची पन्नी सोडायची नाही, ऊस सोलायचा नाही.

आणि दुखणं थांबलं म्हणून तात्पुरत्या फिलिंगवर महिनोन्‌महिने काढणारे आपल्याकडे खूप आहेत. ते फिलिंग काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की लाळ आणि जंतू मुळाच्या नळीत उतरतात आणि उत्तम झालेलं रूट कॅनलही पुन्हा करावं लागतं. पुढची तारीख त्याच दिवशी घ्या.