‘सॅक्सोफोन कोलोसस’ : एका ध्वनिमुद्रिकेचे रसग्रहण

जॅझ हा शब्द कानी पडताच पुष्कळशा पालकांच्या कपाळास आठ्या पडतात, आणि त्या अगदीच अकारण पडतात असेही म्हणवत नाही. हे संगीत आपल्या देशात आले ते मुंबई-कलकत्त्याच्या बड्या हॉटेलांतील नाचाच्या दिवाणखान्यांतून; आणि तेथील वातावरण विद्यार्थ्यांस अनुकरणीय खासच नव्हते. परंतु एखादा जिन्नस प्रथम कोणत्या दुकानात दृष्टीस पडला, एवढ्यावरून त्याची पारख करणे रास्त नव्हे. शिवाय ज्या वडीलधाऱ्यांनी ‘अलबेला’ (१९५१) या बोलपटाची गाणी आवडीने ऐकली आहेत, त्यांनी या संगीताची चव नकळत घेतलेलीच आहे. सी. रामचंद्र यांच्या त्या गाण्यांस गोव्यातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, या ट्रंपेटवादकाचे साहाय्य होते. गोव्याचे असे कितीतरी वादक स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकले ते चर्चला जोडलेल्या शाळांत. तेथूनच ते मुंबईच्या वाद्यवृंदांत आले. तेव्हा आमच्यासारख्या मिशन शाळेच्या वार्षिकात या विषयावर चार शब्द लिहिल्यास ते अगदीच अस्थानी होऊ नये.

सर्व जॅझचे समर्थन करण्याचा येथे विचार नाही. त्यात टाकाऊ भागही पुष्कळ आहे. एकच ध्वनिमुद्रिका घ्यावी, ती कशी ऐकावी हे सांगावे, आणि ती वाजविणारा मनुष्य कोण होता हे सांगावे, एवढाच उद्देश आहे. त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘सॅक्सोफोन कोलोसस’. कोलोसस म्हणजे प्राचीन काळी ऱ्होड्स बेटावर उभा असलेला प्रचंड पुतळा. तबकडीच्या वेष्टनावर निळ्या पृष्ठभूमीवर सॅक्सोफोन धरलेल्या वादकाची काळी छायाकृती आहे. तो वादक म्हणजे सनी रोलिन्स.

दिनांक २२ जून १९५६ रोजी, अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतातील हॅकेनसॅक या गावी, एका घराच्या बैठकीच्या खोलीत हे वादन मुद्रित झाले. घर होते रूडी व्हॅन गेल्डर याच्या आईवडिलांचे. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्मे देण्याचा व्यवसाय करी व उरलेल्या वेळात त्या खोलीत ध्वनिमुद्रण करी. आणि तरीही त्या काळच्या उत्तमोत्तम तबकड्या त्याच्याच हातून निघाल्या आहेत. वादक अवघे चार. रोलिन्सचा टेनर सॅक्सोफोन, म्हणजे पितळेचे वाकडे नळकांडे, पण तोंडाशी वेताची पातळ पट्टी असल्यामुळे स्वर मानवी कंठाच्या जवळचा. टॉमी फ्लॅनगनचा पियानो. डग वॉटकिन्सचा उभा बास, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील पुरुषभर उंचीचे वाद्य, बोटांनी छेडलेले. आणि मॅक्स रोच याचा ढोल व झांजांचा संच.

या संगीताची बांधणी समजण्यास आपल्या मुलांना अडचण पडू नये. भाऊबीजेनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते व रात्री दंडार किंवा खडी गंमत रंगते. तेथे शाहीर ध्रुवपद म्हणतो, साथीदार ते झेलतात, मग शाहीर आपल्या मनाने काही वाढवितो, आणि कितीही दूर गेला तरी पुन्हा ध्रुवपदावर येऊन ठेपतो. जॅझमध्येही हेच. प्रथम मूळ चाल वाजवावयाची; मग तिचे जे आवर्तन असेल तेच पुनःपुन्हा फिरवीत प्रत्येकाने आपापली उपज करावयाची; आणि अखेरीस मूळ चालीवर परत यावयाचे. भेद आहे तो एकच, पण महत्त्वाचा. आपल्याकडे आवर्तनात मात्रा बांधलेल्या असतात. त्यांच्याकडे मात्रांबरोबरच स्वरांच्या जुड्यांचा क्रमही बांधलेला असतो. उपासनेच्या वेळी स्तोत्राच्या चालीखाली ऑर्गनवर जे तीन-चार स्वर एकदम वाजतात आणि ओळीगणिक बदलत जातात, तशाच या जुड्या. त्या बदलल्या की वादकालाही आपली वाट बदलावी लागते. बाहेरून स्वैर भासणारे हे वादन आतून किती जखडलेले आहे, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

१९४० नंतरच्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी प्रभृतींनी जॅझ अतिशय जलद व गुंतागुंतीचे केले. ते विद्वानांचे झाले खरे, पण त्यातील माती थोडी सुटली. १९५५ च्या सुमारास पुढच्या पिढीने ती विद्वत्ता न सोडता त्यात निग्रो लोकांच्या प्रार्थनामंदिरांतील गायन आणि शेतमजुरांची ‘ब्लूज’ ही करुण गीते परत आणली. या संप्रदायास ‘हार्ड बॉप’ म्हणतात. आर्ट ब्लेकीच्या संचाने १९५८ मध्ये मुद्रित केलेल्या ‘मोनिन’ या रचनेत तर पियानोने एक ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी दोन स्वरांत ‘आमेन’ म्हणावे, असा थेट उपासनेचा थाट आहे.

या संप्रदायाला एक यांत्रिक सोयही लाभली. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. आपल्या थोर गवयांनाही त्या काळी अख्खा ख्याल तेवढ्यात उरकावा लागे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३⅓ फेऱ्या घेणारी दीर्घ तबकडी काढली आणि वादकास प्रथमच मनासारखा अवकाश मिळाला. आपल्या या तबकडीवरील शेवटची रचना अकरा मिनिटांहून मोठी आहे.

आता वादकाविषयी. रोलिन्सचा जन्म न्यूयॉर्क येथे ७ सप्टेंबर १९३० रोजी झाला. विशीच्या आतच त्याचे नाव झाले. आणि त्याच सुमारास हेरॉईन या भयंकर अमली पदार्थाच्या पाशात तो सापडला. १९५० मध्ये सशस्त्र चोरीच्या आरोपावरून त्यास तुरुंगात जावे लागले, आणि सुटकेनंतर पुन्हा एकदा जावे लागले. ही हकीकत विद्यार्थ्यांपासून लपवावी असे आम्हांस वाटत नाही. १९५५ मध्ये तो आपण होऊन केंटकी प्रांतातील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात दाखल झाला, व्यसनमुक्त होऊन बाहेर पडला, आणि काही काळ शिकागो शहरी अंगमेहनतीची कामे करून राहिला. कारण जेथे वादन तेथेच व्यसनाचे जुने सोबती, हे तो जाणून होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो क्लिफर्ड ब्राउन व मॅक्स रोच यांच्या संचात आला. ब्राउन हा ट्रंपेटवादक रोलिन्सच्याच वयाचा, अलौकिक गुणाचा, आणि पूर्णपणे निर्व्यसनी. उत्तम जॅझ वाजवूनही स्वच्छ आयुष्य जगता येते हे मला त्याच्यामुळे कळले, अशा आशयाचे उद्गार रोलिन्सने पुढे काढले आहेत. प्रस्तुत ध्वनिमुद्रिका ही त्या सहवासातल्या दिवसांची आहे.

तबकडीवर रचना पाच. पहिली ‘सेंट टॉमस’. सेंट टॉमस हे वेस्ट इंडिजमधील बेट. रोलिन्सची आई तिकडची, आणि ही चाल त्याने लहानपणी तिच्या तोंडून ऐकलेली. आरंभी मॅक्स रोच एकटाच ढोलावर नाचरा ठेका धरतो, मग ती बाळबोध, हसरी चाल येते. चाल संपताच रोलिन्स काय करतो ते लक्ष देऊन ऐकावे. तो तानांचा वर्षाव करीत नाही. दोन स्वरांचा एक लहानसा तुकडा घेतो, थांबतो, तोच तुकडा जरा वेगळ्या जागी ठेवतो, पुन्हा थांबतो. मूल ठोकळे मांडते तसा हा प्रकार दिसतो; आणि पाहता पाहता त्या ठोकळ्यांचा वाडा उभा राहतो. मध्ये ढोलाचे एकट्याचे वादन झाल्यावर ठेका पालटतो, बेटावरची चाल जाऊन न्यूयॉर्कची सरळ चार मात्रांची धाव येते, आणि तीच उपज निराळ्याच वेषात पुढे चालू लागते.

दुसरी रचना संथ व विषण्ण, एका प्रेमगीतावर आधारलेली. ती प्रथम श्रवणात लांबल्यासारखी वाटेल. तिसरी ‘स्ट्रोड रोड’ अतिशय द्रुत आहे. तीत एके ठिकाणी पियानो व ढोल गप्प होतात आणि केवळ बासच्या आधारावर सॅक्सोफोन धावतो, तेवढी जागा चुकवू नये.

चौथी रचना ‘मोरिटाट’ ही मराठी वाचकास दूरची वाटू नये. ब्रेख्तचे शब्द व कुर्ट वाइलचे संगीत असलेल्या, १९२८ साली बर्लिन येथे रंगभूमीवर आलेल्या ‘थ्री पेनी ऑपेरा’ या संगीत नाटकातील ती चाल. त्याच नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ हे मराठी रूप केले, ते १९७८ साली रंगभूमीवर आले. खुनी दरोडेखोराचे पोवाडेवजा वर्णन करणारे हे गीत रोलिन्स इतक्या सौम्य, मिस्किल सुरात वाजवितो की, शब्द ठाऊक नसणारास ते अंगाईगीत वाटावे.

परंतु या तबकडीचा खरा मुकुटमणी म्हणजे शेवटची ‘ब्लू सेव्हन’. तिचे आवर्तन ब्लूजचे, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे, एकूण ४८ मात्रांचे. प्रारंभी बास एकटाच चालतो. रात्री निर्मनुष्य रस्त्यावर कोणी सावकाश पावले टाकावीत तसा. मग सॅक्सोफोन मोजकेच स्वर घेऊन येतो, आणि ते स्वर कोणत्या षड्जाचे आहेत याविषयी ऐकणारास संशयात ठेवतो. पुढील सारी उपज या तुटक तुकड्यांतूनच निघते. एक तुकडा घ्यावा, लांबवावा, उलटा करावा, मोडून अर्धाच ठेवावा, आणि आपण तो विसरलो असे वाटत असताना अकस्मात समोर आणून उभा करावा, असे चालते. ख्यालगायक एकाच स्वराभोवती बढत करताना जो संयम दाखवितो तोच येथे आहे. रोचचे ढोलवादनही दोन-तीन लयाकृतींपलीकडे जात नाही, पण त्यांतूनच इमारत रचते. १९५८ मध्ये गुंथर शुलर या संगीतज्ञाने या एका वादनाचे स्वरास्वरांचे पृथक्करण करून दीर्घ निबंध लिहिला व तो फार गाजला. गंमत अशी की, तो वाचून वाजविताना मन सावध होऊन अवघडले, असे खुद्द रोलिन्सनेच सांगितले आहे! तेव्हा आमच्या या लेखाचेही ओझे ऐकताना कोणी बाळगू नये. पहिल्या वेळी केवळ बासची पावले ऐकावीत, दुसऱ्या वेळी सॅक्सोफोन. पियानोचे नाजूक काम तिसऱ्या वेळी आपोआप दिसू लागते.

हे मुद्रण झाल्यावर चारच दिवसांनी, २६ जून १९५६ रोजी, पेनसिल्व्हेनियातील रस्त्यावर मोटारीच्या अपघातात क्लिफर्ड ब्राउन मरण पावला. त्याच्यासोबत संचाचा पियानोवादक रिची पॉवेल व त्याची पत्नी हीही गेली. ब्राउनचे वय अवघे २५ होते. ‘सॅक्सोफोन कोलोसस’ मधील आनंद ऐकताना ही तारीख आठवली की मन चरकते. वाजविणारास त्या वेळी यातले काहीच ठाऊक नव्हते.

तबकडीने रोलिन्सची कीर्ती सर्वत्र पसरली, आणि येथूनच त्याच्या स्वभावाचा विशेष दिसू लागतो. लोक आपल्याविषयी बोलतात तेवढे आपण चांगले वाजवीत नाही, असे त्याच्या मनाने घेतले. १९५९ मध्ये त्याने जाहीर वादन बंद केले. घरात रियाज करावा तर शेजारी एक गर्भवती स्त्री राहत होती. तिला त्रास नको म्हणून हा मनुष्य न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊ लागला. खाली नदी, बाजूस धडधडणाऱ्या आगगाड्या, हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी, आणि पादचाऱ्यांच्या वाटेवर उभा राहून दिवसातले कित्येक तास वाजविणारा हा जगप्रसिद्ध वादक! वैनगंगेच्या पुलावरून आगगाडीने जाताना आमच्या विद्यार्थ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. असे सुमारे दोन वर्षे चालले. परतल्यावर १९६२ मध्ये निघालेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकेचे नावच ‘द ब्रिज’, म्हणजे पूल.

एवढ्यानेही त्याचे समाधान झाले नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला आणि मुंबईजवळ पवई येथे स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. डोळे मिटून ध्यानास बसले की चित्त स्थिर होत नाही, अशी त्याची तक्रार होती. तेव्हा वाद्य वाजविताना तू ध्यानच करीत असतोस, असे त्यास तेथे सांगण्यात आले. ही आठवण त्याने पुढे मुलाखतींत सांगितली आहे. पुढे १९७८ मध्ये मुंबईस पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, तेव्हा तो पुन्हा आला. या खेपेस सॅक्सोफोन घेऊन, हजारो श्रोत्यांपुढे वाजविण्यासाठी.