गाडी उभी राहिली की धंदा बसतो! फेंडर घरी बदलायचा का?



समजा, तुम्ही धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत राहता. हप्त्यावर जुनी पिकअप घेतलीय. सोयाबीनच्या सीझनला लातूरच्या फेऱ्या, एरवी धाराशिवला भाजीपाला. एका पहाटे वळताना पुढचा डावा फेंडर, म्हणजे आपलं मडगार्ड, कठड्याला घासून आत गेला. इंजिन ठणठणीत, पण पत्रा टायरला लागतोय. गाडी जाग्यावर!

आपण लगेच विचारतो, "नवा केवढ्याला?" पण धंदेवाल्याचा पहिला प्रश्न वेगळा हवा : गाडी किती दिवस उभी राहणार?

आधी हिशोब

उदाहरणादाखल धरा, डिझेल जाऊन दिवसाला १,२०० रुपये सुटतात. गाडी तीन दिवस गॅरेजला राहिली की ३,६०० गेले. हप्ता काही थांबत नाही. शिवाय नेहमीचं गिऱ्हाईक दुसरी गाडी बघतं. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

"इन्शुरन्स आहे की!" थांबा. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत मडगार्ड, बंपर, दिवे, रंगकाम यांच्यासाठी 'आयएमटी २३' ही जादा जोडणी लागते. ती घेतलीय का, आजच बघा. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. लहान नुकसानीसाठी तो घालवायचा का, तेही मोजा.

बोल्ट की वेल्डिंग?

बहुतेक गाड्यांचा पुढचा फेंडर बोल्टवर बसवलेला असतो, म्हणून तो घरी निघतो. कारचा मागचा पत्रा बॉडीला वेल्ड असतो. त्याच्या नादी लागू नका.

१. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हातमोजे घाला, पत्रा कापतो. फेंडरवर इंडिकेटर असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.

२. खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. बोल्ट सहसा बॉनेटच्या कडेला, दाराच्या बिजागरीजवळ, खाली चाकामागे आणि बंपरच्या जोडावर असतात. गोटी पान्याने काढा आणि जागेप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

३. दाराच्या कडेला टेप लावा, नाहीतर दारावर नवा ओरखडा पडेल.

४. नवा फेंडर काळ्या प्रायमरमध्ये येतो. तो रंग नव्हे! आधी जागेवर लावून माप बघा, मग पेंटरकडून आतून-बाहेरून रंगवून घ्या. घरात स्प्रे मारू नका, वाफ घातक असते.

५. बसवताना सगळे बोल्ट आधी हलकेच लावा. बॉनेट आणि दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली की मगच आवळा.

६. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कुठे घासतंय का बघा. दार, बॉनेट, इंडिकेटर तपासा. मगच माल भरा.

इथे हात आवरा

आतला अॅप्रन किंवा चासी वाकली असेल, बोल्टची भोकं जुळत नसतील, चाक एका बाजूला ओढत असेल, तर सरळ मेकॅनिककडे जा. तिथे वाचवलेले हजार रुपये रस्त्यात जिवावर बेतू शकतात.

मित्रांनो, धंद्यातही असंच आहे. काही कामं बोल्टची असतात : शिकून घेतली तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. काही वेल्डिंगची : तिथे जाणकाराला पैसे देणं हीच बचत. सगळं स्वतः करणारा दमतो आणि सगळं बाहेर देणारा नफा वाटून टाकतो.

आजचा गृहपाठ : तुमची गाडी, गिरणी किंवा मशीन एक दिवस बंद राहिली तर नेमके किती रुपये जातात? वहीत लिहा. तो आकडा माहीत असेल, तर दुरुस्ती कुठे करायची हे कोणाला विचारावं लागणार नाही.